पिशवी, पाळी आणि अंडाशय : एका शब्दसंग्रहाची चिकित्सा

स्त्रीच्या जननसंस्थेविषयी मराठीत दोन शब्दसंग्रह प्रचलित आहेत. एक घरगुती बोलीतला व दुसरा ग्रंथांतला. ग्रांथिक परिभाषेची चर्चा बहुधा शब्दाच्या शुद्धाशुद्धतेपाशीच थांबते. वास्तविक, शास्त्राने सिद्ध केलेले इंद्रियाचे कार्य त्या शब्दातून कितपत सूचित होते, हे पाहणे अधिक अगत्याचे होय.

बोलीकडे शब्दांचे दारिद्र्य आहे असे नव्हे. गर्भाशयाला ‘पिशवी’, तो खाली सरकल्यास ‘अंग बाहेर येणे’, मासिक स्रावाला ‘पाळी’, ‘अडचण’, ‘विटाळ’, ‘कावळा शिवणे’ असे कितीतरी प्रयोग रूढ आहेत. परंतु हे सारे शब्द पात्र आणि रक्त या दोनच गोष्टींभोवती फिरतात. अंडाशयाला घरगुती बोलीत रूढ असे नाव नाही. आणि चक्राची सूत्रे तर मुख्यतः मेंदू व अंडाशय यांच्याच हाती असतात.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या संप्रेरकांमुळे अंडाशयातील एक पुटिका वाढीस लागते. तिच्यातून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचा अंतःस्तर जाड होतो. पुढील पाळीपूर्वी सुमारे १४ दिवस स्त्रीबीज बाहेर पडते आणि रिकाम्या पुटिकेचे पीतपिंड बनून ते प्रोजेस्टेरॉन निर्माण करू लागते. गर्भधारणा न झाल्यास पीतपिंड क्षीण होते, संप्रेरके ओसरतात व आधार गेलेला अंतःस्तर रक्तासह गळून पडतो. म्हणजे स्राव हा एका दीर्घ क्रमाचा शेवटचा परिणाम होय. ‘विटाळ’ हा शब्द त्या परिणामालाच दोष ठरवितो. ‘अशुद्ध रक्त बाहेर पडते’ हे घरोघरी मुलींना दिले जाणारे स्पष्टीकरण त्याच शब्दाचे अपत्य आहे. याउलट ‘पाळी’ या शब्दात क्रमाने पुन्हा येण्याची कल्पना आहे. चक्राचे मर्म त्याने अधिक अचूक पकडले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

ग्रांथिक परिभाषाही निर्दोष नाही. ‘आर्तव’ हा शब्द प्राचीन वैद्यकात स्राव आणि स्त्रीबीज अशा दोन्ही अर्थांनी येतो. सस्तन प्राण्यांचे स्त्रीबीज फोन बेअर यांनी १८२७ मध्ये प्रथम दाखविले. त्यानंतर ही संदिग्धता चालू ठेवण्याचे कारण उरत नाही. ‘अंडकोश’ हा शब्द काही ग्रंथांत अंडाशयासाठी योजिलेला आढळतो, पण लोकव्यवहारात त्यावरून पुरुषाच्या इंद्रियाचाच बोध होतो. ‘अंडाशय’ हा ‘गर्भाशय’, ‘मूत्राशय’ यांच्या पंक्तीत सहज बसतो, म्हणून तो इष्ट. मात्र त्यातील ‘आशय’ हे पदही पात्राचेच द्योतक आहे. हे इंद्रिय संप्रेरके निर्माण करणारी ग्रंथीही आहे, हे त्यातून कळत नाही. ही उणीव शब्दाने नव्हे, तर विवेचनानेच भरून काढली पाहिजे.

हा वाद केवळ कोशकारांचा नव्हे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याची गोष्ट २०१९ साली गाजली व शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. दारिद्र्य, खाड्यापोटी कापली जाणारी मजुरी आणि फडावरील गैरसोय ही त्यामागची कारणे भाषेच्या पलीकडची आहेत. परंतु ‘पिशवी काढली’ या वाक्यात एक मोठा भेद लोपतो. केवळ गर्भाशय काढला तर स्राव थांबतो, अंडाशयांचे कार्य चालू राहू शकते. दोन्ही अंडाशयही काढले तर इस्ट्रोजेन एकाएकी घटते, रजोनिवृत्ती अकाली ओढवते व हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. वाक्य मात्र दोन्ही प्रसंगी एकच राहते. शस्त्रक्रियेस संमती शब्दांच्या द्वारेच घेतली जाते. ज्या इंद्रियाला बोलीत नावच नाही, त्याविषयी प्रश्न विचारणे त्या स्त्रीला कठीणच.

तेव्हा परिभाषाकारांनी बोलीतील ‘पाळी’ निःसंकोचपणे ग्रंथात घ्यावी आणि ग्रंथातील ‘अंडाशय’ दवाखान्यात व शाळेत रुळवावा. या देवघेवीवाचून दोन्ही शब्दसंग्रह अपुरेच राहतील.