चित्रकलेच्या तासातले ‘सुंदर’

दलित साहित्याच्या समीक्षेत ‘सुंदर’ ह्या शब्दाची झाडाझडती आपण पुष्कळ घेतली. कुणाचे सुंदर, कुणी ठरवलेले सुंदर, कुणाच्या भरल्या पोटी सुचलेले सुंदर, असे प्रश्न विचारून प्रस्थापित समीक्षेला भंडावून सोडले. ते आवश्यकच होते. परंतु हा शब्द माणसाच्या मनात शिरतो कधी? कवितासंग्रह हातात येण्याच्या कितीतरी आधी, सहाव्या-सातव्या वर्षी, चित्रकलेच्या तासाला तो शिरलेला असतो. तिकडे आपले लक्ष गेलेले नाही.

फळ्यावर दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर उतरत्या छपराची झोपडी आणि शेजारी नारळाचे झाड. पत्र्याच्या खोलीत राहणारे, नारळाचे झाड कधी न पाहिलेले मूलही हेच काढते, कारण ह्यालाच गुण मिळतात. ह्या देखाव्यात माणूस नसतो. असलाच तर काडीएवढा. काम करणारा तर नसतोच. तुझे घर चित्रात येण्याच्या लायकीचे नाही असे मुलाला कुणी तोंडाने सांगत नाही. सांगावे लागत नाही.

आमच्या वस्तीतल्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात दुसरी ते चौथीची पंधराएक मुले बसतात. त्यांना एखादे चित्र नीट पाहायला शिकवावे असे ठरले, तेव्हा मी व्हिन्सेंट व्हॅन गॉगचे ‘बटाटे खाणारे’ निवडले. वर्गाच्या कामातल्या एका मित्राने लगेच हरकत घेतली. अंधार, दारिद्र्य आणि काळवंडलेले चेहरे ही पोरे रोज पाहतात. त्यांना निदान फुले तरी दाखवा! हरकत खोटी नव्हती. ह्याच चित्रकाराची 1888 ची सूर्यफुले आहेत, ती मुलांना आवडलीही असती. पण क्रमाला अर्थ असतो. आधी फुले दाखवली असती, तर पुढचे प्रत्येक चित्र त्या फुलांच्या मापाने मोजले गेले असते.

हे चित्र 1885 सालचे, नेदरलँड्समधील न्यूनेन गावातले. सुमारे 82 सेंटिमीटर उंच आणि 114 सेंटिमीटर रुंद. आधीच्या हिवाळ्यात व्हॅन गॉगने शेतकऱ्यांच्या चेहऱ्यांचे कितीतरी अभ्यास केले होते. नंतर द ग्रोट नावाच्या एका कुटुंबाचे रात्रीचे जेवण त्याने रंगवले. टांगलेला एक दिवा, त्याखाली पाच माणसे, मधल्या भांड्यातले वाफाळते बटाटे, कॉफी ओतणारी म्हातारी. मोबाईलच्या पडद्यावर हे सगळे तळहाताएवढे होऊन काळ्यात बुडते. म्हणून मोठी रंगीत प्रत छापून भिंतीला लावली.

पहिल्या दिवशी माझीच चूक झाली. मी आधी भाषण केले. श्रम, शोषण, श्रमाची प्रतिष्ठा. मुले जांभया देऊ लागली. चळवळीतल्या आम्हा माणसांना ही खोड आहेच. चित्र बोलण्याआधी आम्ही बोलतो. दुसऱ्या दिवशी मी फक्त विचारले, ह्यात काय काय दिसते?

माणसे मोजली गेली. भिंतीवरचे घड्याळ सापडले. डावीकडच्या खुर्चीच्या पाठीवर चित्रकाराने आपले नाव लिहिले आहे, ते शोधताना तर झोंबाझोंबी झाली. ‘‘सर, ह्यांच्या घरची बी लाईट गेली का?’’ एकाने विचारले. सगळे एकाच भांड्यातून खातात हे दुसऱ्याने पाहिले. कुणीच कुणाशी बोलत नाही, हे एका मुलीने पाहिले. मला ते इतक्या वर्षांत जाणवले नव्हते. मग एकजण म्हणाला, ‘‘घाण चित्र आहे. हात लई मोठे काढलेत.’’

मी गप्प राहिलो. कारण हाच आक्षेप एका शिकल्यासवरल्या माणसाने घेतला होता. ह्या चित्राची शिळाछापाची प्रत व्हॅन गॉगने आपला चित्रकार मित्र अँथन व्हॅन रापार्ड ह्याला पाठवली. त्याने मे 1885 मध्ये उलट पत्र लिहून चिरफाड केली. हात खरे वाटत नाहीत, उजवीकडच्या माणसाचा दंड आखूड आहे, इतक्या थिल्लरपणे काम करू नये. मैत्री त्यावरून कायमची दुरावली. आमच्या आत्मकथनांना ‘ओबडधोबड’ म्हणणाऱ्यांचे पूर्वसुरी पाहायचे असतील तर हे पत्र वाचावे. व्हॅन गॉगची भूमिका त्याने भाऊ थिओला कळवली होती. जे हात भांड्यात जातात त्यांनीच जमीन खोदली आहे, हे दिसले पाहिजे. रंगही त्याला हवा होता तो सालासकटच्या, मातकट बटाट्याचा.

मुलांना ह्यातले काही सांगावे लागले नाही. हाताच्या आक्षेपावर मागून उत्तर आले, ‘‘माझ्या आईचे बी तसेच आहेत. बांधकामावर जाते ना.’’ मग आपापल्या घरातले हात आठवण्याची चढाओढ लागली. ‘घाण’ म्हणणारा मुलगा पुन्हा उठून चित्राजवळ गेला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. त्याचे मत बदलले की नाही, मी विचारले नाही. बदललेच पाहिजे असे थोडेच आहे?

चित्राच्या मध्यभागी एक मुलगी आहे, आपल्याकडे पाठ करून बसलेली. तिचा चेहरा कसा असेल ते काढा, असे सांगितले. कुणी हसरी काढली, कुणी रडकी. एकाने तोंडात मावणार नाही एवढा बटाटा काढला. एकीने पुन्हा पाठच काढली. ‘‘ती जेवतीया. जेवताना तोंडाकडं बघू नये.’’

मात्र ह्या चित्राची पूजा करण्याचे कारण नाही. व्हॅन गॉग धर्मोपदेशकाचा मुलगा होता, त्या घरचा नव्हता. गावच्या कॅथॉलिक धर्मगुरूने त्याच वर्षी आपल्या लोकांना त्याच्यासमोर बसू नका असे बजावले, आणि नोव्हेंबरमध्ये तो गाव सोडून गेला. 1887 मध्येही बहिणीला लिहिताना हेच चित्र त्याला आपले उत्तम काम वाटत होते, तेव्हा जिव्हाळा खोटा म्हणता येत नाही. तरीही पाहणारा बाहेरचा आणि पाहिले गेलेले आतले, हे अंतर त्यात आहेच. हे मुलांना कसे सांगावे ह्या विचारात मी होतो. तेवढ्यात दुसरीतल्या एका पोराने विचारले, ‘‘मग ते चित्र त्यांना दिलं का?’’

नाही दिले. ते पॅरिसला थिओकडे गेले. आज ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहे.

‘‘मग आपण आपलंच काढू,’’ तो म्हणाला. पुढच्या आठवड्याचा विषय असा ठरला आहे, घरचे रात्रीचे जेवण. कागद मोठे आणावे लागतील. दोन घरांत माणसे नऊ-नऊ आहेत.