क्लिम्टने सोने का झाकले?

१९११ साली रोमच्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात गुस्ताव क्लिम्टच्या ‘मृत्यू आणि जीवन’ या चित्राला पहिले पारितोषिक मिळाले. तेव्हा त्याची पार्श्वभूमी सोनेरी होती. बक्षीस मिळालेल्या चित्राला चित्रकार सहसा पुन्हा हात लावत नाही. क्लिम्टने लावला. १९१५पर्यंत ते सोने निळसर-करड्या रंगाखाली गेले, आणि व्हिएन्नाच्या लिओपोल्ड संग्रहालयात आज दिसते ते हे दुसरे रूप. क्लिम्टला ‘सोन्याचा चित्रकार’ म्हणून मोकळे होणाऱ्यांनी या निर्णयापाशी थांबायला हवे.

सोने त्याच्या घरातच होते. १८६२ साली व्हिएन्नाजवळच्या बाउमगार्टनमध्ये तो जन्मला. वडील सोन्यावर नक्षी कोरणारे कारागीर. तो स्वतः शिकला उपयोजित कलांच्या शाळेत. पुढे भाऊ अर्न्स्ट आणि मित्र फ्रान्झ मात्श यांच्यासोबत त्याने बुर्गथिएटरच्या जिन्यांवरची छते रंगवली आणि १८८८मध्ये सम्राटाकडून सन्मान मिळवला. हे काम पूर्णपणे जुन्या वळणाचे होते. पण मानवी देहावरची पकड त्याने तिथेच कमावली, आणि नंतरच्या सोन्याला वजन आले ते या पकडीमुळे.

१८९७मध्ये ‘सेसेशन’ या बंडखोर संघटनेचा तो पहिला अध्यक्ष झाला. व्हिएन्ना विद्यापीठासाठी काढलेल्या त्याच्या चित्रांवर प्राध्यापकांनीच गदारोळ केला, तेव्हा त्याने पैसे परत करून चित्रे मागे घेतली. सरकारी कामाचा नाद तिथे सुटला. दरम्यान सोने कॅनव्हासवर आलेच होते: ‘पॅलास अथेना’च्या (१८९८) शिरस्त्राणावर, मग ‘ज्युडिथ’च्या (१९०१) गळ्यात आणि तिच्या मागच्या झाडांवर.

१९०३मध्ये त्याने रावेन्नाची मोझेक चित्रे पाहिली. सान व्हिताले चर्चमधली सम्राज्ञी थिओडोरा सोनेरी कोनाड्यासमोर उभी आहे. तिच्यामागे आकाश नाही. त्या सोन्यात देवत्व होते. क्लिम्टने ते उचलले आणि व्हिएन्नातल्या एका उद्योगपतीच्या पत्नीमागे लावले. ‘आडेले ब्लॉख-बाउअर’च्या (१९०७) चौरस कॅनव्हासवर खुर्ची कुठे संपते, झगा कुठे सुरू होतो आणि भिंत कुठली, हे सांगणे कठीण. चेहरा, खांदे आणि एकमेकांत गुंतलेले हात मात्र अगदी खरे, रक्तामांसाचे. त्या हातांतली अस्वस्थता सभोवतालच्या झगमगाटामुळे अधिक तीव्र होते. हे सोने बाईला सजवते तसेच कोंडूनही ठेवते, आणि या ताणातच चित्राची ताकद आहे. २००६मध्ये हे चित्र आडेलेच्या कुटुंबाच्या वारसांना परत मिळाले. लगेच झालेल्या विक्रीत त्याला १३.५ कोटी डॉलर मिळाल्याचे सांगितले गेले. त्या आकड्याच्या गाजावाजात हातांकडे कुणाचे लक्ष गेले नाही, याची खंत वाटते.

‘चुंबन’ १९०८च्या प्रदर्शनातून सरकारने विकत घेतले. ते आज वाट्टेल त्या वस्तूवर छापलेले दिसते, पण छपाईत सोन्याचा नुसता पिवळा होतो. मूळ चित्र १८० सेंटीमीटर लांब-रुंद आहे. त्यासमोर पाहणारा सरकला की धातूवरचा उजेडही सरकतो आणि जोडप्याभोवतीची पोकळी जागी होते. तरीही ताण ‘आडेले’त जास्त आहे. ‘चुंबन’मध्ये सोने आणि माणसे यांचा समेट झालेला आहे, आणि समेटानंतर त्या वाटेने पुढे जाण्यासारखे फारसे उरत नाही. क्लिम्टला हे उमगले असावे. १९०९नंतर सोने मागे पडले. १९१२मध्ये त्याने आडेलेचेच दुसरे चित्र काढले. त्यात लाल, हिरवे, जांभळट पट्टे आहेत, आणि ती ताठ, समोर पाहत उभी आहे.

१९१८च्या फेब्रुवारीत तो गेला तेव्हा ‘वधू’ हे चित्र अर्धवट राहिले. त्यातल्या एका स्त्रीचा नग्न देह त्याने आधी बारकाईने रेखला आहे आणि वरून झग्याची नक्षी चढवायला नुकती सुरुवात केली आहे. वेलबुट्टीखाली पाय, मांड्या, पोट स्पष्ट दिसतात.