फुकटच्या कामाची समीक्षा : हातातल्या छोट्या यंत्रावरचे कथाखेळ

इथं वरोऱ्यात समोर बसलेल्यांना आणि हे नंतर वाचणाऱ्यांना आजचा विषय जरा वेगळा वाटेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांनी व्हिडिओ गेमवर का बोलावं? आमचं उत्तर असं, की ज्या कृतीमागे पगार नाही, मालक नाही आणि बाजारही नाही, अशा कृतीला चांगलं किंवा वाईट कशाच्या आधारे म्हणायचं, हा तत्त्वज्ञानाचाच प्रश्न आहे. आणि आजच्या काळात त्याचं स्वच्छ उदाहरण या खेळांच्या जगात सापडतं.

आधी वस्तू समजून घेऊ. 1989 साली निन्टेन्डो या जपानी कंपनीनं 'गेम बॉय' नावाचं हातात मावणारं यंत्र काढलं. 1998 मध्ये त्याचा रंगीत अवतार आला आणि 2001 मध्ये 'गेम बॉय अॅडव्हान्स'. पहिल्या यंत्राचा पडदा 160 गुणिले 144 ठिपक्यांचा, आणि छटा फक्त चार. ही यंत्रं आता दुकानात मिळत नाहीत. तरी जगभरातली काही माणसं आपली नोकरी, अभ्यास सांभाळून रात्री त्यांच्यासाठी नवे खेळ रचतात. कंपनीची परवानगी नाही, मोबदला नाही. याला त्या लोकांत 'होमब्रू' म्हणतात. आपण 'घरगुती' म्हणू. त्यातला सगळ्यात कष्टाचा प्रकार म्हणजे रोल-प्लेइंग गेम, म्हणजे खेळणाऱ्यानं एका पात्राची भूमिका घेऊन तासन् तास उलगडत जायचा कथाखेळ. तो एकट्याच्यानं सहसा होत नाही. एक जण प्रोग्रॅम लिहितो, दुसरा चित्रं काढतो, तिसरा संगीत करतो, चौथा संवाद. बरेचदा यांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नसतं.

आता पहिला प्रश्न. ज्यांच्या खिशात आज त्या यंत्राच्या हजारपट ताकदीचा फोन आहे, ते चार छटांच्या पडद्यावर का जातात? जुन्या आठवणींची हौस म्हणून, असं सोपं उत्तर दिलं जातं. ते आम्हांला पुरेसं वाटत नाही. बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञानं 1978 च्या आपल्या पुस्तकात खेळाची एक व्याख्या मांडली. तिचा मथितार्थ असा, की खेळणं म्हणजे गरज नसलेले अडथळे आपण होऊन स्वीकारणं आणि ते ओलांडायचा प्रयत्न करणं. कबड्डीत श्वास रोखायची गरज काय? काहीच नाही. पण तो अडथळा काढला की कबड्डी उरत नाही. ही मंडळी खेळ बनवताना स्वतःच एक खेळ खेळत असतात, असं या व्याख्येनं म्हणता येईल. मर्यादा त्यांनी निवडलेली आहे. आणि मूळ यंत्र घडवणारे गुनपेई योकोई यांचाही विचार याच्या जवळचा होता. जुनं, स्वस्त झालेलं, पूर्ण ओळखीचं तंत्रज्ञान घ्यावं आणि त्याचा नवा उपयोग शोधावा, असं ते मानत.

म्हणून समीक्षेचा आमचा पहिला निकष असा : मर्यादा निवडली आहे, तर तिनं कृतीला काही दिलं का? चार छटांत पाऊस दाखवायचा तर चित्रकाराला पाऊस म्हणजे नेमकं काय हे ठरवावं लागतं. जिथं हे ठरवलेलं दिसतं तिथं खेळ जिवंत वाटतो. जिथं मोठ्या खेळाची आकसलेली नक्कल असते, तिथं मर्यादा नुसती अडचण उरते. आणि खरं सांगायचं तर असे नकली खेळ बरेच आहेत.

दुसरा मुद्दा पूर्णत्वाचा. 'इन्फिनिटी' नावाचा एक कथाखेळ रंगीत गेम बॉयसाठी काही हौशी तरुणांनी 1999 मध्ये रचायला घेतला. काम बरंच पुढं गेलं. पण 2001 मध्ये नवं यंत्र आलं, जुन्या यंत्राच्या खेळाला प्रकाशक मिळेना, आणि काम थांबलं. पंधरा वर्षांनी, 2016 मध्ये, त्यांनी तो अपुराच खेळ सगळ्यांसाठी मोफत खुला केला. पुढं 2021 मध्ये लोकवर्गणी गोळा करून तो पुरा करायचं ठरलं. आता अपुऱ्या कृतीची समीक्षा करावी का? आमच्या मते करावी. बाजारात अपुरा माल म्हणजे फसवणूक. पण ज्यांनी काही विकलंच नाही, त्यांनी 'इथपर्यंत आम्ही आलो' असं म्हणून काम उघडं ठेवणं हे प्रामाणिकपणाचं आहे. लपवून कुजवण्यापेक्षा ते कितीतरी बरं. मात्र अपुरेपणाला सौंदर्य म्हणायची जी एक फॅशन आहे, तिच्याशी आम्ही सहमत नाही. कथेला शेवट लागतो. तो नसला की खेळणाऱ्यानं दिलेले तास लोंबकळत राहतात.

इथं कोणी म्हणेल, 'अहो, फुकट केलंय बिचाऱ्यांनी, एवढं काय बोलायचं?' नेमकं हेच वाक्य आम्हांला खटकतं. आपण ज्या गावात बसलो आहोत, तिथं श्रमदान हा काही पुस्तकी शब्द नाही. आनंदवन इथंच 1949 मध्ये उभं राहिलं. मूल तालुक्यातल्या सोमनाथला 1967 मध्ये प्रकल्प सुरू झाला, आणि तिथल्या श्रमसंस्कार छावणीत दरवर्षी मे महिन्याच्या उन्हात तरुण पोरं-पोरी येऊन हातात कुदळ घेतात. तिथं बांध घातला, तर तो पाणी धरतो की नाही हेच पाहिलं जातं. श्रमदान आहे म्हणून पाणी थांबून राहत नाही. गीतेत फळाची आशा सोडायला सांगितलं आहे. फळ कसं उतरलं ते पाहूच नका, असं सांगितलेलं नाही. उलट योग म्हणजे कर्मातलं कौशल्य, असाच तिचा रोख आहे. मोबदला न घेणाऱ्याच्या कामाकडे निकष न लावता पाहणं म्हणजे त्याला मुलांच्या रांगेत बसवणं.

तिसरं उदाहरण आमच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं. 'मदर 3' हा गेम बॉय अॅडव्हान्सवरचा कथाखेळ. लेखक शिगेसातो इतोई. जपानात 20 एप्रिल 2006 ला आला. इंग्रजीत काढायला कंपनी तयार दिसेना. तेव्हा क्लाइड मॅन्डेलिन या व्यावसायिक अनुवादकाच्या पुढाकारानं स्वयंसेवकांचा एक गट जमला, आणि 17 ऑक्टोबर 2008 ला त्यांचा इंग्रजी अनुवाद मोफत उपलब्ध झाला. हा अनुवाद म्हणजे नुसती वाक्यं बदलणं नव्हतं. जपानी अक्षरं सारख्या रुंदीच्या चौकटीत बसतात. इंग्रजीत 'आय' अरुंद, 'डब्ल्यू' रुंद. त्यासाठी खेळाचा प्रोग्रॅम आतून उकलून त्याचा काही भाग नवा लिहावा लागला. म्हणजे हे भाषांतर असूनही अर्धं घरगुती रचनेचंच काम होतं.

या खेळाची कथा काय, तर ताझमिली नावाचं एक गाव आहे. तिथं पैसा ही चीजच माहीत नाही. जो तो एकमेकांचं काम करतो. मग बाहेरची माणसं येतात, पैसा येतो, आणि घरोघरी 'सुखाची पेटी' येते. कथा तीन वर्षं पुढं सरकते तेव्हा गावात आगगाडी आलेली असते, दुकानं लागलेली असतात, माणसं मजुरीनं कारखान्यात जात असतात. ज्यांनी पेटी घेतली नाही त्यांच्या घरांवर वीज पडते. मंडळी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या माणसाला ही कथा जपानची वाटणार नाही. आपल्या वरोऱ्याला रेल्वे आली ती 1870 च्या दशकात, कोळशासाठी आली. कोळसा, कागद, वीज, सिमेंट यांनी या मुलखाला काय दिलं आणि इथून काय नेलं, हे आपण रोज बघतोच.

समीक्षक म्हणून आम्हांला इथं जे दिसतं ते असं. पैशानं एक गाव कसं विस्कटतं हे सांगणारी कथा दुसऱ्या भाषेत नेली ती पैसे न घेणाऱ्यांनी. पण एवढ्यावर अनुवादाला मोठं म्हणू नये. तो योगायोगही असू शकतो. मोठेपण कामात आहे. कथेच्या सुरुवातीला गावकरी जसे बोलतात आणि तीन वर्षांनी जसे बोलतात, त्यातला फरक अगदी बारीक आहे. बोलणं तेवढंच साधं, पण आपुलकी कमी झालेली. हा फरक अनुवादात टिकला आहे, आणि कुठंही भाषा फुगवलेली नाही. डझनभर माणसांच्या हातून गेलेल्या मजकुरात एकच आवाज राहणं ही सोपी गोष्ट नव्हे. पुढं 2013 मध्ये मॅन्डेलिन यांनी हा अनुवाद कंपनीनं विनामोबदला वापरावा, अशी तयारीही जाहीर केली.

याच्या उलट 'पोकेमॉन प्रिझम'. मूळ खेळाचा सांगाडा घेऊन त्यावर नवा प्रदेश, नवी कथा उभी केलेली. सुमारे आठ वर्षांचं काम. डिसेंबर 2016 मध्ये, प्रसिद्धीला थोडे दिवस उरले असताना, कंपनीची कायदेशीर नोटीस आली आणि अधिकृतपणे ते थांबलं. नंतर कोणीतरी निनावीपणे ते फोडलं हा भाग वेगळा. कंपनीवर रागावणं सोपं आहे. पण दुसऱ्याच्या वावरात पेरलं तर कापणीच्या वेळी सातबारा कोणाच्या नावावर आहे हे विचारलं जाणारच. म्हणून जुनं यंत्र वापरूनही कथा, पात्रं, चित्रं सगळी स्वतःची, अशा घरगुती खेळाला आम्ही जास्त मान देतो. 2019 मध्ये आलेल्या 'जीबी स्टुडिओ' या मोफत साधनानं ही वाट पुष्कळ सोपी केली आहे. प्रोग्रॅमिंग न येणाराही आता गेम बॉयसाठी कथाखेळ मांडू शकतो.

आता दोषाकडे येऊ. अशा सामूहिक खेळांचा ठरलेला दोष कोणता? पसारा. पहिला भाग घासूनपुसून लख्ख, मग नकाशा पसरत जातो, गावं वाढतात, आणि त्यांतल्या माणसांना बोलायला काही नसतं. कारण असं, की पगारी माणसाचं काम बाजूला ठेवता येतं, दान दिलेलं काम नाकारता येत नाही. कोणी रात्र जागून एक राजवाडा काढला. तो कथेत बसत नाही हे सगळ्यांना दिसतं, पण 'काढून टाका' कोण म्हणणार? मग राजवाडा राहतो आणि कथा वाकते.

याला उपाय आहे का? आम्हांला वाटतं, आहे, आणि तो आपल्या शेजारीच आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात ग्रामसभेचे निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं होतात. पुष्कळांचा समज असा, की सर्वसहमती म्हणजे सगळ्यांचं सगळं मान्य. तसं नाही. तिथं अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात प्रश्न चिरफाड करून बघतात, पण तिथं निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत होतो. त्यामुळे टीका करणारा 'तुझं रद्द' असं म्हणत नसतो, तो फक्त दाखवून देत असतो. स्वयंसेवकांच्या गटाला नेमकी हीच सोय लागते : जिथं कठोर बोलता येईल, पण ज्या बोलण्यात कोणाचं काम तिथल्या तिथं मरणार नाही अशी जागा. नुसत्या आभारांवर चालणारे गट सुरुवातीला गोड असतात आणि पुढं थिजतात.

एक चिठ्ठी आली आहे : 'मराठीत असा खेळ होईल का? आणि त्याचा उपयोग काय?'

पहिल्या भागाचं उत्तर मोजून देऊ. गेम बॉयचा पडदा आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनांनी भरतो. आडवे 20, उभे 18. रोमन अक्षर एका चौकोनात बसतं. देवनागरीला वर शिरोरेषा, तिच्यावर मात्रा, वेलांटी, रफार, खाली उकार. आठ ओळींत हे सगळं बसवलं तर मूळ अक्षराला तीन-चार ओळी उरतात, आणि 'द्ध', 'क्ष्म' वाचता येत नाहीत. म्हणजे उभे दोन चौकोन घ्यावे लागतील, संवाद कमी शब्दांत लिहावे लागतील. जोडाक्षरं पाय मोडून लिहायची पळवाट कोणी काढली तर तिला आम्ही विरोध करू. अडथळा स्वीकारला आहे, तर तो ओलांडायचा. भाषेला लंगडं करून नव्हे.

दुसऱ्या भागाचं उत्तर. आपल्या झाडीपट्टीत पिकं निघाली की रात्रभर नाटकं चालतात, हजारो माणसं बघतात. आज वडसा हे त्या व्यवसायाचं मोठं केंद्र आहे. पण त्याच्या मुळाशी दंडार आहे, गावानं गावासाठी केलेली. आधी गावातल्या माणसांनी हौसेनं उभं राहायचं, चुकायचं, गावाची टिंगल ऐकायची, पुढच्या वर्षी सुधारायचं. त्या टिंगलीतून प्रेक्षकही घडला आणि नटही. आपली पोरं आज तासन् तास दुसऱ्यांच्या कथांत, दुसऱ्यांच्या भाषेत भूमिका घेऊन खेळतात. त्यात वाईट काही नाही. पण कथा रचायची पाळी कधी आपल्यावर आलीच नाही, तर भूमिका घेणं तेवढं येईल, भूमिका लिहिणं येणार नाही.

तेव्हा उद्या चंद्रपूरच्या किंवा गडचिरोलीच्या चार पोरांनी असा एखादा खेळ रचला, झाडीबोलीत बोलणारी पात्रं त्यात घातली, आणि तुम्हांला दाखवला, तर 'वा, छान, फुकट केलंत' म्हणून पाठ थोपटू नका. बसा, पूर्ण खेळा, आणि कुठं कंटाळा आला ते त्यांना सांगा. फुकट काम करणाऱ्याला आपला वेळ देणं, हीच त्याला देता येण्यासारखी मजुरी आहे.

पुढच्या वेळी 'नियम आणि स्वातंत्र्य' यावर बोलू. आज इथंच थांबतो.