थोरल्या माधवरावांचा काळ : एक परीक्षण

कृष्णाजी विनायक सोहोनी यांची ‘पेशव्यांची बखर’ वाचतांना ती राज्य बुडाल्यावर लिहिलेली आहे, हें विसरतां कामा नये. गतवैभवाच्या शोकांत थोरल्या माधवरावांचें दशक (१७६१–७२) सोनेरी दिसावें, हें साहजिकच. परंतु त्याच दशकांत, १७६३ सालीं, निजामाच्या फौजेनें पुणें लुटून जाळलें. १७६८ सालीं पुतण्यास चुलत्यावर धोडपास चालून जावें लागलें. रामशास्त्र्यांसारखा न्यायाधीश होता, हें खरें. रयत सुखी होती, हें तेवढ्यानें सिद्ध होत नाहीं. उत्तरकालीन बखर वर्णिलेल्या काळाच्या सुखापेक्षां लिहिणाराच्या काळचें दुःखच अधिक सांगते. सुखदुःखाचा निर्णय गांवोगांवचे वसुलीचे ताळेबंद, सुटीचीं पत्रें व कर्जरोखे यांवरून व्हावा. असे रुमाल ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं ते वाळवीच्या आधीं सोडावे.