पात्रतेची यादी आणि यंत्राची कुवत

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीला नियमित सुरक्षा-दुरुस्त्या पुरवणे थांबवले. साहजिकच शाळेच्या जुन्या लॅपटॉपबाबत प्रश्न उभा राहतो : मेमरी वाढवून त्यात विंडोज ११ घालता येईल का?

कंपनीच्या यादीनुसार विंडोज ११ साठी किमान ४ गिगाबाइट रॅम, ६४ गिगाबाइट साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि मान्यताप्राप्त प्रोसेसर लागतो. इंटेलचे प्रोसेसर, मोजके अपवाद वगळता, आठव्या पिढीपासूनचेच चालतात.

आता दोन लॅपटॉप घेऊ. पहिल्यात सातव्या पिढीचा प्रोसेसर आणि १६ गिगाबाइट रॅम आहे. दुसऱ्यात आठव्या पिढीचा प्रोसेसर, पण रॅम ४ गिगाबाइट आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. यादीप्रमाणे पहिला नापास, दुसरा पास! वर्गात मात्र दुसराच रखडेल. असे का?

रॅम म्हणजे शिक्षकाचे टेबल आणि हार्ड डिस्क म्हणजे कपाट. टेबल भरले की संगणक काही कागद कपाटात ठेवतो व लागतील तसे परत आणतो. रॅममधून माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, तर हार्ड डिस्कवरून सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे एक लाख पट वेळ. टेबलावरचा कागद उचलायला एक सेकंद लागत असेल, तर कपाटातला आणायला एक दिवसाहून अधिक लागेल. दुसऱ्या लॅपटॉपची रॅम ८ गिगाबाइट केली तर तो सुधारेल. पहिल्याची कितीही वाढवली तरी तो नापासच राहील.

टीपीएमचा आग्रह निराधार नाही. सांकेतिक किल्ल्या इतर प्रणालीपासून वेगळ्या, सुरक्षित ठेवण्याचे काम ते करते. आक्षेप आहे तो सुरक्षा आणि कार्यक्षमता एकाच 'किमान पात्रते'त बसवण्याला. रॅमचा आकडा फार सैल आणि प्रोसेसरची अट फार कडक, त्यामुळे कामाचे यंत्र भंगारात जाते व अपुऱ्या यंत्राला प्रशस्तिपत्र मिळते. १९९५ साली विंडोज ९५ ला किमान ४ मेगाबाइट रॅम पुरे होती. आजची अट १०२४ पट आहे आणि तरीही ती अपुरीच पडते.

तेव्हा खर्चापूर्वी स्वतः मोजमाप करावे. नेहमीची कामे उघडी ठेवून टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वापर पाहावा. तो सतत नव्वद टक्क्यांच्या वर असेल तरच रॅम घ्यावी. तत्पूर्वी रॅमसाठी मोकळा खाचा आहे की ती बोर्डावरच डाखलेली आहे, तसेच ती डीडीआर३ आहे की डीडीआर४, हेही पाहावे; एकीच्या जागी दुसरी बसत नाही. पहिल्या लॅपटॉपसाठी लिनक्स हा पर्याय आहे. केरळच्या सरकारी शाळांनी तो वर्षानुवर्षे वापरला आहे.

ही मोजणी विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावी. लॅपटॉप मोडीत काढायचा की ठेवायचा, हे त्यांच्या नोंदी पाहून ठरवता येईल.