‘अक्खणवेधी’ कोण? : पालि वाङ्मयातील धनुर्धर आणि एक आधुनिक भ्रम

बाण सोडण्याच्या दोन रीती पारंपरिक धनुर्विद्येत प्राचीन काळापासून मानल्या गेल्या आहेत. एकीत धनुर्धर नेम धरतो. बाणाचे टोक आणि लक्ष्य यांतील अंतर डोळ्याने मोजतो, लक्ष्य दूर असल्यास टोक किती वर धरावे याचा हिशेब करतो आणि मगच प्रत्यंचा सोडतो. दुसरीत असा हिशेब नसतो. दोन्ही डोळे उघडे, दृष्टी केवळ लक्ष्यावर, आणि हात आपोआप योग्य उंचीवर जातो. पहिल्या रीतीस आपण ‘नेमवेध’ म्हणू, दुसरीस ‘सहजवेध’. यांपैकी श्रेष्ठ कोणती हा वाद खेळाडूंचा आहे. साताऱ्यात घडलेले ओजस देवतळे व अदिती स्वामी 2023 साली बर्लिन येथे कंपाउंड धनुष्याचे जगज्जेते झाले, ते भिंग लावलेल्या साधनातून काटेकोर नेम धरून. तेवढ्याने हा वाद मिटत नाही आणि तो मिटविण्याचा आमचा अधिकारही नाही. आमची हरकत निराळी आहे. सहजवेध म्हणजेच बौद्ध वेध, आणि नेम धरणे म्हणजे अहंकाराचे लक्षण, अशी जी समजूत सुशिक्षित वाचकांत रूढ झाली आहे, तिला बुद्धवचनात आधार आहे काय, हा आमचा प्रश्न आहे.

या समजुतीचे मूळ एका लहानशा जर्मन पुस्तकात आहे. ऑयगेन हेरिगेल हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक 1924 ते 1929 या काळात जपानमधील सेंदाई येथे अध्यापन करीत होते. तेथे आवा केन्झो या धनुर्विद्येच्या आचार्यांकडे ते शिकले, आणि 1948 साली त्यांनी झेन व धनुर्विद्या यांवरील आपले प्रसिद्ध पुस्तक लिहिले. 1953 च्या इंग्रजी आवृत्तीस डी. टी. सुझुकी यांची प्रस्तावना लाभली, आणि पुस्तक जगभर गेले. त्याचा गाभा एवढाच की, बाण धनुर्धराने सोडायचा नसतो, ‘ते’ सोडते. शिष्याने हेतू टाकावा, नेम टाकावा, स्वतःसही टाकावे. पुस्तकाची शैली निर्मळ आहे आणि शिष्याच्या धडपडीचे वर्णन प्रामाणिक वाटते, हे मान्य केलेच पाहिजे. त्यामुळेच ते ग्रंथालयांत बौद्ध वाङ्मयाच्या कपाटात जाऊन बसले.

जपानी अभ्यासक यामादा शोजी यांनी 2001 साली या कथनाची चिकित्सा केली. आवा केन्झो यांनी झेनची रीतसर साधना केलेली नव्हती. त्यांची शिकवण त्यांच्या स्वतःच्या आध्यात्मिक अनुभवातून आलेली होती. हेरिगेल यांना जपानी भाषा पुरेशी येत नव्हती आणि ते दुभाष्यावर अवलंबून होते. ‘ते सोडते’ हे वाक्य आचार्यांच्या ‘हां, जमले’ अशा अर्थाच्या साध्या उद्गाराचा विपर्यास असावा, असे यामादा यांचे अनुमान आहे. काळोखात सोडलेल्या दुसऱ्या बाणाने पहिल्याची काठी चिरली, तो प्रसंगही खुद्द आचार्यांनी पुढे योगायोग म्हणूनच सांगितला होता. म्हणजे ज्या वाक्यावर एवढी इमारत उभी राहिली, त्याचा पाया बहुधा भाषांतराचा आहे. पालि ग्रंथ भाषांतरातून वाचणाऱ्या आपल्या वाचकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

आता मूळ ग्रंथांकडे वळू. सहजवेधाच्या सर्वांत जवळ जाणारा पालि शब्द ‘अक्खणवेधी’ हा होय. अट्ठकथांत त्याचे दोन अर्थ मिळतात : न चुकता वेध घेणारा, आणि विजेच्या लखलखाटात वेध घेणारा. विजेच्या उजेडात हिशेबाला अवसर कुठला? तेव्हा हा सहजवेधीच झाला, असे कोणी म्हणेल. परंतु अंगुत्तरनिकायाच्या नवक निपातात हा अक्खणवेधी कसा घडतो ते सांगितले आहे. धनुर्धर किंवा त्याचा अंतेवासी आधी गवताच्या पुतळ्यावर वा मातीच्या ढिगावर अभ्यास करतो. मग कालांतराने तो दूरवर बाण टाकणारा आणि अक्खणवेधी होतो. ही उपमा तेथे ध्यानाच्या संदर्भात आली आहे, म्हणून तिचे मोल अधिक. सहजता ही अभ्यासाच्या शेवटी येते, अभ्यासाच्या ऐवजी येत नाही. महाभारताच्या आदिपर्वातही हेच आहे. दिवा विझला तरी घास तोंडाशी जातो हे पाहून अर्जुन रात्री धनुष्याचा सराव करू लागतो. घास तोंडाशी नेणारे कोणी गूढ ‘ते’ नसते. ती सवय असते.

याहून सूक्ष्म विवेचन मिलिंदपञ्हात आहे, आणि ते आमच्या मते या विषयावरील सर्वांत महत्त्वाचे बौद्ध स्थळ आहे. शेवटच्या भागात भदंत नागसेन भिक्षूने धनुर्धराकडून घ्यावयाचे गुण सांगतात. धनुर्धर दोन्ही पाय भूमीवर घट्ट रोवतो, गुडघे ताठ ठेवतो, देह स्थिर करतो, मूठ आवळतो, बोटांत फट राहू देत नाही, मान उचलतो, डोळे व तोंड मिटतो, निमित्त सरळ करतो आणि ‘वेध घेईन’ या विचाराने मनात हर्ष उत्पन्न करतो. डोळे मिटतो आणि लगेच निमित्त, म्हणजे नेमाची खूण, सरळ करतो, हे प्रथमदर्शनी विसंगत दिसते. येथे सहजवेधाचे समर्थक सुखावतील. पण उपमेचा दुसरा भाग वाचावा. धनुर्धराच्या प्रत्येक कृतीच्या जागी भिक्षूची एक कृती ठेवली आहे. भूमी हे शील, रोवलेले पाय हे वीर्य. मिटलेले डोळे-तोंड म्हणजे सहा इंद्रियद्वारांचा संवर. आणि निमित्त सरळ करण्याच्या जागी येते स्मृतीची उपस्थापना. डोळे मिटण्याचा उल्लेख संवराच्या उपमेसाठी आला आहे हे उघड आहे. नेम मात्र गाळलेला नाही. तो सतीच्या, म्हणजे स्मृतीच्या, स्थानी बसविला आहे. नेम टाकावा असे म्हणणाऱ्याने मग स्मृतीही टाकावी, आणि स्मृती टाकलेल्या ध्यानाला बौद्ध ध्यान म्हणावे काय, हे त्याने सांगावे.

त्याच प्रकरणात वाकडा बाण सरळ करण्याच्या साधनाचा आणि सकाळ-संध्याकाळच्या सरावाचा उल्लेख आहे. ही कारागिराची दृष्टी आहे. धनुष्य ही देहाच्या श्रमाची वस्तू आहे, हे नांदेडकरांस सांगण्याची गरज नाही. तख्त हजूर साहिबमध्ये शस्त्रे जतन केलेली आहेत, आणि 1708 साली गुरू गोविंदसिंहांची भरत आलेली जखम कठीण धनुष्य ताणताना पुन्हा उघडली, असे परंपरा सांगते.

संयुत्तनिकायातील वाल सुत्तही पाहण्याजोगे आहे. वैशालीत लिच्छवी कुमार दुरून, लहानशा छिद्रातून, बाणामागून बाण न चुकता सोडीत आहेत हे पाहून आनंद चकित होतात. भगवान त्यांस विचारतात, हे अवघड, की सात भाग केलेल्या केसाच्या टोकाने केसाचे टोक भेदणे अवघड? आणि त्याहूनही अवघड काय, तर हे दुःख आहे असे यथाभूत भेदून जाणणे. भेदून जाणणे याला पालि शब्द ‘पटिवेध’ हा आहे, म्हणजे ज्ञानाची संज्ञाच धनुर्विद्येतून आलेली. लिच्छवींच्या कौशल्याला तेथे नाव ठेवलेले नाही. त्याला त्याच्या जागी ठेवले आहे.

सरभंग जातकाशी मराठवाड्याचा संबंध थेट आहे. या जातकातील बोधिसत्त्व जोतिपाल हा पुरोहितपुत्र तक्षशिलेत शिकून अद्वितीय धनुर्धर होतो. राजाच्या समोर तो चार धनुर्धरांस आव्हान देतो : अक्खणवेधी, वालवेधी, शब्दवेधी आणि सरवेधी, म्हणजे बाणाने बाण भेदणारा. चौघांचे बाण तो एकटा परतवतो. मग बाणांचीच दोरी, मंडप, जिना, कमळ रचून दाखवितो. सहजवेध आणि नेमवेध दोन्ही त्याच्या हाती आहेत. सेनापतिपद देऊ केले जाते, आणि त्याच रात्री हा धनुर्धर, या विद्येचा शेवट हिंसेत आहे हे ओळखून, सारे सोडून गोदावरीतीरी कपित्थवनात जातो. तेथे शक्राच्या आज्ञेने विश्वकर्मा त्याच्यासाठी आश्रम रचतो. सुत्तनिपाताच्या अट्ठकथेनुसार पुढे बावरीचे वास्तव्य झाले ते याच स्थानी, अस्सक देशात. अस्सकांची राजधानी पोतन म्हणजे नांदेडशेजारचे बोधन, असे अनेक विद्वान मानतात, आणि दाभडच्या महाविहारास बावरीनगर हे नाव आहे. बावरी आपल्याकडे सुपरिचित झाला. त्याच्या आधीचा धनुर्धर तितकासा आठवला जात नाही.

हा धनुर्धर का आठवावा, याचे कारण चेतनेचा सिद्धांत होय. भगवंतांनी चेतनेलाच कर्म म्हटले आहे. ‘ते सोडते’ हे खरे मानले, तर बाण लागून मेलेल्याचे कर्म कोणाचे? रामायणातील दशरथ शब्दावर बाण सोडतो आणि श्रावण मरतो. तो सहजवेध होता. साम जातकातील राजा पिलियक्ख सामाला डोळ्यांनी पाहतो, हा देव की नाग असा विचार करतो, आधी घायाळ करू मग विचारू असे ठरवतो आणि विषारी बाण सोडतो. तो नेमवेध होता. दोन्हीकडे आंधळ्या आईबापांचा मुलगा पडला. रीत कोणतीही असो, उत्तर सोडणाऱ्यानेच द्यावयाचे असते, आणि दोन्ही कथांतील राजांना ते त्या आईबापांसमोर जाऊन द्यावे लागले. हेरिगेल 1937 मध्ये नाझी पक्षाचे सभासद झाले. त्यावरून त्यांचे पुस्तक खोटे ठरत नाही. पण कर्ता पुसून टाकणारे तत्त्वज्ञान अशा काळात माणसाला कोठे अडवत नाही, एवढे तरी दिसते.

आणि ही भाषा केवळ जर्मनीची नाही. 1978 साली विद्यापीठ नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यातील वस्त्या जाळल्या गेल्या, नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. तेव्हाही ‘जमाव भडकला’, ‘घडून गेले’ अशी कर्त्यावाचूनची वाक्ये बोलली गेली. पालि व्याकरणातही कर्मणी प्रयोग आहे, पण धम्माने त्याला कर्माच्या हिशेबात कधी आसरा दिलेला नाही.

हेरिगेल यांचे पुस्तक वाचूच नये, असे आमचे म्हणणे नाही. एका परक्या शिष्याचा कष्टाळू वृत्तान्त म्हणून ते जरूर वाचावे, मात्र बौद्ध वाङ्मयाच्या कपाटातून ते प्रवासवर्णनांच्या कपाटात हलवावे. रिकाम्या झालेल्या जागी मिलिंदपञ्ह ठेवता येईल. आणि वर्षावासात ज्या विहारांत जातकवाचन होते, तेथे एखादी संध्याकाळ सरभंग जातकास द्यावी : बाणांच्या मंडपाचा भाग मुलांना आवडतोच, परंतु त्यानंतरचा, गोदावरीकडे जाणाऱ्या वाटेचा भागही गाळू नये.