बिंब बोलतं, पण मालिनी कुठाय?

गिरीश कार्नाडांचं ‘ओडकलु बिंब’ २००५ साली बंगळुरात रंगमंचावर आलं. मी ते इंग्रजीतून वाचलं. रात्रपाळी सुटल्यावर, डिक्शनरी मांडीवर घेऊन. आठ दिवस लागले.

स्टेजवर एकटी बाई आणि टीव्हीचा पडदा. मंजुळा नायक, कन्नडची लेखिका. इंग्रजीत कादंबरी काढून एकाएकी जगभर गाजलेली. कादंबरी अपंग बहिणीवर, मेलेल्या मालिनीवर. स्टुडिओत भाषण ठोकून ती निघते, तर पडद्यावरचं तिचंच बिंब तिला अडवतं. उलटतपासणी सुरू होते. नटी एकच, अर्धी जिवंत, अर्धी आधीच टेपवर भरलेली. वेळ जरा चुकली की सगळंच घसरणार.

बिंब एकेक टाका उसवतं. मालिनी कमरेखाली लुळी, चाकाच्या खुर्चीत. ती इंग्रजीत जगणारी, मंजुळा कन्नडमधली. मंजुळाचा नवरा प्रमोद मालिनीकडं ओढला जातो. एका घरात दोन भाषा, दोन जगं, आणि बायकोच परकी. प्रमोद अमेरिकेला जातो. मग कळतं, कादंबरी मालिनीनंच लिहिली होती. मंजुळानं तिच्या मरणानंतर लिखाण उचललं, वर आपलं नाव घातलं.

नवरा गेला म्हणून मंजुळा एकटी पडली, असं समीक्षक म्हणोत. मला पटत नाही. दुसऱ्याचं दुःख चोरलं, आता खरं बोलायला माणूस उरला नाही, म्हणून ती पडद्याशी भांडते. कार्नाडांनी हे नेमकं पकडलंय.

पण माझी तक्रार आहे. जिचं दुःख, तीच स्टेजवर नाही. शेवटी बिंबात मालिनी डोकावते, तरी तोंड मंजुळाचंच. चोराच्या मनाला पश्चात्ताप झाला तर झाला, नाहीतर मालिनी मुकीच. आपल्या वस्त्यांवर गोष्टी लिहून नाव कमावणाऱ्यांना आपण हेच विचारलं होतं.

आता मित्रांनो, बोट आपल्याकडंही वळवा. मी आईवर सहा कविता लिहिल्या. टाळ्या मिळाल्या. आईला एकही वाचून दाखवली नाही. ती कागदकाच वेचायची, हे मी सभेत ओरडून सांगितलं. तिला काय वाटायचं, हे विचारलंच नाही.

नाटक वाचून झालं त्या रात्री विचारलं. ती म्हणाली, “आता इचारतूस व्हय?”

पुढचा अंक काढताना आपापल्या आया-बहिणींना विचारा. त्या सांगतील तसं लिहून घ्या. आणि खाली नाव त्यांचंच घाला.